नाण्याला इजा कशाने झाली?

(अल बर्शा येथे आपल्या मंडळीच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन.)



जुने नाणे हाती आले की बहुतेकांच्या तोंडी दोनच प्रश्न येतात. पहिला, याची किंमत किती. आणि नाणे खराब दिसत असेल तर दुसरा, हे कोणी केले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बाजार देतो आणि ते सतत बदलत राहते. दुसऱ्याचे उत्तर बहुतेक वेळा नाण्यावरच लिहिलेले असते. ते वाचता आले नाही, तर घरातल्या कोणाच्या तरी माथी विनाकारण दोष येतो.

असा एक दोष आपल्यापैकी एका भगिनीच्या माथी आला होता. तिच्या संमतीने, नावगाव न सांगता, मी तिच्याच पेटीतील नाणी आज उदाहरणादाखल घेणार आहे. कुटुंब मूळचे कुलाबा जिल्ह्यातले. पणजीच्या वेळेपासून जपलेले चांदीचे पाच रुपये, तांब्याची एक पाव आणा आणि एक भोकाचा पैसा, एवढाच तो ठेवा. रुपये सासऱ्यांनी मुंबईत असताना प्लास्टिकच्या अल्बममध्ये घातले. तांब्याची नाणी कागदात गुंडाळून पेटीच्या तळाशी राहिली. आठ वर्षांपूर्वी ही पेटी धाकट्या सुनेबरोबर इकडे अल बर्शाला आली. यंदा थोरल्या जाऊबाई येथे आल्या असता अल्बम उघडला गेला. एक रुपया हिरवा व चिकट, एकावर ओरखडे, एकाच्या माथ्यावर गाठ, एकावर टोचल्यासारख्या खुणा. "तू ही नाणी कसल्या तरी औषधी पाण्यात धुतलीस," असा ठपका धाकटीवर ठेवला गेला आणि दोघी जावा बोलेनाशा झाल्या. भगिनीने मला नाण्यांची किंमत विचारली नाही. "हे माझ्या हातून झाले का, एवढेच सांगा," असे ती म्हणाली.

माझी नोकरीची वर्षे धातूंच्या प्रयोगशाळेत गेली, म्हणून हे काम माझ्याकडे आले. परंतु यासाठी प्रयोगशाळेची गरज नसते. दहापट मोठे दाखविणारे भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखविणारा सोनाराचा छोटा काटा आणि बाजूने तिरपा प्रकाश टाकणारा दिवा एवढे पुरे. नाणे नेहमी कडेवर धरावे आणि खाली मऊ फडके अंथरावे.

चार प्रश्न

नाण्यावरील कोणतीही खूण पाहिली की मी स्वतःला चार प्रश्न विचारतो. येथील धातू सरकला आहे काय? येथून धातू गेला आहे काय? येथे बाहेरचा धातू किंवा पदार्थ वाढला आहे काय? की धातू जागच्या जागी राहून बदलला आहे?

ठोका, पोचा, ओरखडा यांत धातू सरकतो. शेतात नांगर फिरला की तासाच्या दोन्ही अंगांना माती उचलली जाते, तशीच ओरखड्याच्या दोन्ही कडांना धातूची बारीक वरंब उठते. झीज, कानस आणि आम्ल यांनी धातू जातो. डाख, मेण, माती यांनी वाढतो. आणि हवेतील वा जमिनीतील क्षार व वायू धातूला बदलून टाकतात. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ठेवलेले ताक कळकते, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. तेथे ताकातील आम्ल तांब्याशी संयोग करते. नाण्याचे कळकणे हे त्याच जातीचे आहे, फक्त त्याला वर्षे लागतात.

या चारांच्या आधी मात्र एक गोष्ट निकालात काढावी लागते. जे आपण इजा समजतो, ते टाकसाळीतूनच तसे आलेले असू शकते. ठशाला तडा गेलेला असेल तर नाणे पाडताना त्या तड्यात धातू शिरतो आणि नाण्यावर उंचावलेली रेघ येते. ओरखडा खाली जातो, ठशाचा तडा वर येतो. तिरप्या प्रकाशात नाणे फिरवून सावली कोणत्या बाजूला पडते ते पाहिले की हा भेद कळतो.

याच पेटीतील भोकाचा पैसा पाहून घरातील नातवंडांना वाटले होते की तो कोणी गळ्यात घालण्यासाठी टोचला. तसे नाही. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली, म्हणून १९४३ पासून १९४७ पर्यंत हिंदुस्थान सरकारने मध्ये भोक असलेलाच पैसा पाडला. त्यावरील नक्षी भोकाला सांभाळून, त्याच्या भोवती मांडलेली आहे. मागाहून पाडलेले भोक असे काही सांभाळत नाही. ते राजाच्या कानातून जाते, अक्षराचा पाय तोडते, आणि दाबून पाडले असेल तर उलट बाजूला धातूची ओठासारखी कड उठवते.

पहिला रुपया: टोचल्यासारख्या खुणा

पाचांतील सर्वांत जुना रुपया सुरती होता, म्हणजे मोगल बादशहा शाह आलम याच्या नावाने कंपनी सरकारने पाडलेला, हाताने ठोकलेला. त्याची फार्सी अक्षरे कडेला तुटलेली आहेत. थोरल्या जाऊबाईंना वाटले की कोणी कड कातरली. परंतु हाताने नाणी पाडण्याच्या काळात ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे संपूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच उतरे. महाराष्ट्रातील शिवराई पाहा. "श्री राजा शिव" आणि "छत्रपति" ही अक्षरे कित्येक शिवरायांवर अर्धीच दिसतात. तेथे काही गेलेले नसते, ते मुळातच उतरलेले नसते. कड कातरलेली असती तर ती सपाट व धारदार लागली असती आणि वजन घटले असते. या रुपयाची कड गोलसर आहे आणि तो साडेअकरा ग्रॅमच्या वर भरला.

टोचल्यासारख्या खुणा मात्र खरोखरच मागाहून केलेल्या होत्या. एक चांदणी, एक टिंब, एक अर्धे फूल. प्रत्येक खुणेभोवती धातू किंचित उचललेला, म्हणजे सरकलेला. ही सराफाची छाप. त्या काळी निरनिराळ्या टाकसाळींचे रुपये एकाच बाजारात चालत. त्यांचा कस व वजन सारखे नसे, म्हणून सराफ नाणे पारखून, वाजवून घेत आणि खरे ठरले की आपली बारीक खूण ठोकत. नाणे कमी कसाचे, झिजलेले किंवा जुन्या साली पाडलेले असले तर त्याच्या मोबदल्यात कापून घेतली जाणारी रक्कम म्हणजे बट्टा. माणसाच्या नावाला बट्टा लागतो असे आपण म्हणतो, तो शब्द या व्यवहारातला आहे.

खूण जुनी की नवी, हे कसे ठरवावे? खुणेच्या तळाशी पाहावे. नाण्याच्या पृष्ठभागावर जो काळसर थर आहे तोच खुणेच्या तळापर्यंत उतरला असेल, तर खूण जुनी. तळ चकचकीत असेल तर ती अलीकडची. येथे तळ पृष्ठभागाइतकाच काळा होता.

दुसरा रुपया: पुसट झालेला राजा

दुसरा रुपया १८३५ चा. कंपनी सरकारने त्या वर्षी आपल्या साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरविला. एका बाजूस चौथ्या विल्यमचे मुख, वजन १८० ग्रेन म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, बाराव्या हिश्शाइतके हीण आणि बाकी चांदी. वजन बरोबर एक तोळा. म्हणून जुन्या घरांत रुपयाच वजन म्हणून तराजूत टाकीत.

हा रुपया ११.३४ ग्रॅम भरला. म्हणजे सुमारे पावणेतीन टक्के धातू गेला. तो कोठून गेला हे पाहणे महत्त्वाचे. राजाचा गाल, कानावरचे केस, मागील बाजूच्या पानांचे उंचवटे, असे जे जे वर उठलेले तेवढेच पुसट झाले होते, दोन्ही बाजूंना सारखे. खोलगट जागांतील अक्षरे स्पष्ट होती. ही हातांची, गल्ल्यांची, कनवटीची झीज. आम्लाने धातू जातो तेव्हा तो उंच-सखल असा भेद करीत नाही. खोलगट अक्षरेही फुगीर व मऊ दिसू लागतात आणि पृष्ठभागावर बारीक खड्ड्यांचा खरखरीतपणा येतो. असा खरखरीतपणा येथे कोठेही नव्हता.

धातू मुद्दाम काढून टाकल्याचे एक उदाहरण आपल्या इतिहासातही आहे. रोमन सत्तेविरुद्ध बार कोखबाचे बंड १३२ ते १३५ या वर्षांत चालले. बंडवाल्यांकडे नाण्यांसाठी कोऱ्या चकत्या नव्हत्या. चलनातील रोमन नाणीच त्यांनी घेतली आणि त्यांवर आपले ठसे मारले. मोठ्या काशाच्या नाण्यांवरील जुनी मुद्रा तर आधी कानशीने घासून काढीत. आज संग्रहालयांत त्या नाण्यांवर मंदिराच्या किंवा द्राक्षाच्या चित्राखाली एखाद्या सम्राटाच्या मुखाची रेषा डोकावते. काहींवर कानशीच्या समांतर रेघाही दिसतात. वरवर पाहणाऱ्याला हे नाणे खराब झालेले वाटेल. पण त्या रेघा ठशाच्या खाली आहेत, म्हणजे आधी घासले आणि मग ठोकले. कोणती खूण कोणत्या खुणेच्या वर आहे, हे पाहिले की घटनांचा क्रम लागतो. पुढे चौथ्या रुपयाला हाच नियम आपल्याला उपयोगी पडणार आहे.

तिसरा रुपया: माथ्यावरची गाठ

१८६२ च्या रुपयावर तरुण व्हिक्टोरिया राणीचे मुख आहे. राणीच्या मुकुटाच्या बरोबर वर, कडेला, राखाडी रंगाची एक गाठ होती. कुटुंबात अशी समजूत की हा रुपया कधी तरी आगीत सापडून वितळला. परंतु आगीत चांदी वितळू लागली तर ती एकाच नेमक्या जागी वितळत नाही, आणि वितळून वजन वाढत तर नाहीच. हा रुपया ११.७२ ग्रॅम भरला, म्हणजे तोळ्याहून अधिक. येथे धातू वाढला होता. तो डाख होता. कधी काळी सोनाराने तेथे कडी जोडली होती आणि मागाहून ती काढली गेली.

कडी मुकुटाच्या वर आहे याचा अर्थ गळ्यात घातल्यावर राणीचे मुख उभे दिसावे, असा घालणारीचा विचार होता. दुसरा पुरावा असा की राणीची बाजू चांगली आहे आणि मागील बाजू गुळगुळीत. व्यवहारात फिरलेले नाणे दोन्ही बाजूंनी झिजते. अंगावर घातलेले नाणे बहुधा अंगाकडच्या बाजूने झिजते, कारण ते दिवसभर कापडावर घासत असते.

नाण्यांचे दागिने करण्याची रीत आपल्याकडे जुनीच. पुतळ्यांच्या माळेतील पुतळी हे नावच व्हेनिसहून व्यापारातून आलेल्या सोन्याच्या नाण्यांवरील मानवी आकृतींवरून पडलेले. या किनाऱ्यावरही तेच. येथील जुन्या चांदीच्या दागिन्यांत मारिया तेरेझाचे थेलर आणि आपले रुपये ओवलेले दिसतात. आश्चर्य वाटू नये, कारण मोत्यांच्या व्यापारामुळे या बंदरांत मुंबईचा रुपया पिढ्यान् पिढ्या चालत होता. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी रुपयाच्या वेगळ्या नोटा काढल्या. १९६६ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केल्यावर दुबईने त्याचा निरोप घेतला आणि दिरहॅम आला तो १९७३ मध्ये. म्हणून अशा रुपयावरचा डाख अलिबागच्या सोनाराचा असू शकतो, तसा दुबईच्या खाडीकाठच्या सोनाराचाही. या कुटुंबात मात्र पणजीच्या गळ्यातील रुपयांच्या माळेची आठवण एका वृद्ध आत्याला आहे. नाणे आणि आठवण एकमेकांना दुजोरा देतात.

चौथा रुपया: ओरखडे

१९१८ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर अतिशय बारीक, एकमेकांना समांतर असे शेकडो ओरखडे होते. मुखावर ते आडवे, मोकळ्या जागेत किंचित वळलेले. अक्षरांच्या सांध्यांत काळा थर तसाच होता. हे घासण्याचे लक्षण. खिशात किंवा पिशवीत इतर नाण्यांशी लागून पडलेले ओरखडे निरनिराळ्या दिशांचे व कमीजास्त खोलीचे असतात. घासणारा हात मात्र एका लयीत फिरतो. आपल्या घरांत किद्दूशचा पेला राखेने, रांगोळीने, चिंचेने लख्ख करण्याची पद्धत होती आणि त्याच हाताने सणाच्या आदल्या दिवशी रुपयेही घासले जात. रांगोळीची भुकटी म्हणजे दगडाची भुकटी. चांदी तिच्यापुढे मऊ पडते.

तर मग घासले कोणी, आणि केव्हा? येथे बार कोखबाच्या नाण्याचा नियम लावू. ओरखडे वर आणि काळेपणा खाली असता, तर घासणे अलीकडचे ठरले असते. भिंगाखाली उलट दिसले. ओरखड्यांच्या तळाशीही तपकिरी, कडेला निळसर होत गेलेला थर बसला होता. हवेतील गंधकाच्या वायूने चांदीवर असा थर हळूहळू चढतो. तो ओरखड्यांच्या वर बसला आहे, म्हणजे घासणे आधीचे आणि त्यानंतर बराच काळ नाण्याला कोणी हात लावलेला नाही. ज्या हाताने हा रुपया घासला, त्याने तो प्रेमानेच घासला असणार. पण तो हात धाकट्या सुनेचा नव्हे.

पाचवा रुपया: हिरवा चिकटपणा

आता ज्यावरून वाद पेटला ते नाणे. १९४४ चा, सहाव्या जॉर्जचा रुपया. त्यावर हिरवट, तेलकट, बोटाला चिकटणारा थर होता.

पहिला प्रश्न असा की बाकीच्या चार रुपयांवर कडेला हिरवी छटा जेमतेम असताना हाच एवढा का बिघडला? पाचही एकाच अल्बमच्या एकाच पानात, शेजारशेजारच्या खिशांत होते. हवा तीच, पेटी तीच, वर्षेही तीच. भेद धातूत आहे. युद्धामुळे चांदी महाग व दुर्मीळ झाली, म्हणून १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली. उरलेल्या निम्म्यात ४० भाग तांबे आणि निकेल व जस्त प्रत्येकी ५ भाग. वजन मात्र तेच ठेवले, त्यामुळे काट्यावर टाकून हा भेद कळत नाही. नाणे दोऱ्याने पाण्यात लोंबते ठेवून तोलले तर कळतो. जुन्या रुपयाची घनता सुमारे १०.३ येते, या रुपयाची सुमारे ९.५. थोडक्यात, याच्या पोटात जुन्या रुपयाच्या जवळजवळ पाचपट तांबे आहे, आणि हिरवे होते ते तांबे.

दुसरा प्रश्न, तांब्याला चेतविले कोणी? अल्बम उघडताच नव्या पावसाळी चपलांसारखा उग्र वास आला. खिशांचे प्लास्टिक मऊ व लवचिक होते. असे मऊ प्लास्टिक पुष्कळदा पीव्हीसी असते. त्याला मऊ ठेवण्यासाठी घातलेला तेलकट पदार्थ वर्षानुवर्षे पाझरत राहतो, आणि प्लास्टिक जुने होऊ लागले की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचे वाफारे सुटतात. तेल नाण्यावर बसते, आम्ल तांब्यावर काम करते, आणि दोहोंचा मिळून तो हिरवा चिकटा तयार होतो. या खिशाच्या आतील बाजूस नाण्याच्या कडेइतकेच गोल हिरवे वर्तुळ उमटलेले होते. जेथे प्लास्टिक टेकले होते तेथे चिकटा दाट. राजाच्या मानेखालच्या खोलगट जागेत, जेथे ते टेकत नव्हते, तेथे विरळ.

आता ठपक्याचा विचार करू. भगिनीने नाणी कसल्या पाण्याने धुतली असती, तर हा चिकटा उरला असता काय? चौथ्या रुपयावरील तपकिरी-निळा थर, पहिल्याच्या खुणांतील काळेपणा टिकला असता काय? बाजारात मिळणारे चांदी उजळण्याचे द्रावण हे थर क्षणात उतरवते. पाचही नाण्यांवर ते शाबूत आहेत. अर्थात नाणी धुतलेली नाहीत. इजा करणारी वस्तू तो अल्बम आहे. तो सासऱ्यांनी मुंबईत, नाणी नीट राहावीत म्हणून विकत आणला होता. त्या काळी या प्लास्टिकचा हा गुण घरोघरी कोणाला ठाऊक असणार? थोरल्या जाऊबाईंनी भिंगातून ते हिरवे वर्तुळ स्वतः पाहिले, खिशावर नाणे ठेवून जुळवून पाहिले, आणि म्हणाल्या, "म्हणजे मामंजींनी जपायला म्हणून ठेवलं, तेच त्याला लागलं." ठपका त्यांनी तेथेच मागे घेतला.

अशा चिकट्यावर उपाय आहे. शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणे काचेच्या भांड्यात काही वेळ बुडवून ठेवले की तो तेलकट थर सुटतो आणि धातूला धक्का लागत नाही. मात्र नखांचा रंग काढण्याचे सुगंधी द्रावण त्यासाठी चालत नाही, कारण त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात. ॲसिटोन झटकन पेट घेते. खिडकी उघडी, शेगडी बंद आणि मुले दूर, एवढी खबरदारी हवी. आम्लाने धातू जेथे खाल्ला असेल, तेथील बारीक खड्डे मात्र भरून येत नाहीत.

तळाशी राहिलेली पाव आणा

वाद रुपयांचा होता, पण खरा धोका ज्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते त्या तांब्याच्या पाव आण्याला होता. जुन्या तांब्यावर चढलेला गर्द हिरवा वा तपकिरी, घट्ट, गुळगुळीत थर हा शत्रू नव्हे. तो आतल्या धातूचे रक्षणच करतो. या नाण्यावर मात्र फिकट पोपटी रंगाचे, पिठासारखे ठिपके होते आणि लाकडी काडीने स्पर्श करताच ते पीठ गळून खाली खड्डा दिसला. याला संग्राहक ब्राँझ-रोग म्हणतात.

समुद्राच्या हवेतील किंवा खारट मातीतील मीठ तांब्याशी संयोग पावून आत दडून बसते. हवा कोरडी असेपर्यंत ते स्वस्थ असते. दमट हवा लागली की त्याचे पोपटी पीठ होते आणि त्याबरोबर थोडे आम्ल सुटते. ते आम्ल आणखी तांबे खाते, त्यातून पुन्हा तोच क्षार बनतो, आणि चक्र चालू राहते. आपण एका खाऱ्या किनाऱ्यावरून दुसऱ्या खाऱ्या किनाऱ्यावर आलेली माणसे. कोकणातला पावसाळा आणि येथील उन्हाळी रात्रींची दमट हवा, दोन्ही या रोगाला सारखीच मानवतात. त्यातच आपण नाणे गार खोलीतून एकदम गच्चीत, उजेडात पाहायला नेतो. थंड धातूवर तत्काळ दव धरते. तेवढे पाणी या रोगाला पुरते.

असे नाणे प्रथम इतरांपासून वेगळे करावे. झाकण घट्ट बसेल अशा डबीत, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे. आतील आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राहिली तर चक्र बहुतांशी थांबते. पुड्या अधूनमधून बदलाव्यात. त्यातील क्षार काढून टाकण्याचे काम संग्रहालयातील जाणकारांचे आहे. घरी लिंबू लावले तर पोपटी पीठ जाते, नाणे गुलाबी होते, आणि क्षार आत तसाच राहून काही आठवड्यांत पुन्हा वर येतो.

घरी काय करावे

घरी जुने नाणे असेल तर कृपा करून ते पुसू नका. पुसण्याने दोन गोष्टी जातात. धातूचा वरचा पापुद्रा जातो, आणि इजा कशाने झाली याचा पुरावा जातो. वरील पाचांपैकी एक जरी रुपया मला दाखविण्यापूर्वी "थोडा साफ" करून आणला असता, तर भगिनीला निर्दोष ठरविणारा थरच नाहीसा झाला असता.

प्रथम दोन्ही बाजूंचे व कडेचे छायाचित्र घ्यावे. वजन लिहून ठेवावे. नाणे कोणाकडून आले, कोणत्या वस्तूत होते, ती वस्तू कशाची होती, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एका चिठ्ठीवर लिहावे. जुना अल्बम, पिशवी, डबी लगेच फेकून देऊ नये. या खटल्यात निर्णायक साक्ष त्या खिशानेच दिली. त्यानंतर नाणी कडक, वास नसलेल्या पॉलिएस्टरच्या पाकिटांत वेगवेगळी ठेवावीत. रबराच्या फितीत, लोकरीत किंवा कोऱ्या करकरीत पुठ्ठ्यात गुंडाळू नयेत, कारण त्यांतील गंधक चांदीला काळी करते.

आणि घरात कोणाला दोष देण्यापूर्वी ते चार प्रश्न विचारावेत: सरकला, गेला, वाढला, की बदलला. पुढील महिन्यात आपण येथेच जमणार आहोत. ज्यांच्या पेट्यांत अशी नाणी असतील त्यांनी ती जशी आहेत तशी, न धुता, ज्या पिशवीत आहेत त्या पिशवीसकट आणावीत. भिंग आणि काटा मी घेऊन येईन.

शालोम.